निळ्यात विकिरण जास्त

३ नोव्हेंबर

आजपासून दैनंदिनी. निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे आणि मागे काहीतरी लेखी राहावं असं वाटतं. थोरामोठ्यांच्या दैनंदिन्या पुढं छापल्या जातात. लिहिताना त्यांना हे ठाऊक नसतं असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही.

मी सुधींद्र. जांभळखेडच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. गाव कन्नड मुलखातल्या भालकी तालुक्यात, खळग्यात बसलं आहे. चारी बाजूंनी माळ. मोबाइलचे तरंग वरच्यावर निघून जातात आणि आम्ही खाली कोरडे. इथं फोन म्हणजे घड्याळ आणि विजेरी. आता टॉवर मंजूर झाला आहे. आमच्या शेजारच्या लिंगम्माच्या पडीक तुकड्यात तो उभा राहणार.

मला टॉवर हवा आहे. विज्ञानासाठी हवाच आहे, पण इथं खोटं कशाला लिहू, प्रणेशसाठी हवा आहे. आमचा एकुलता एक. बेंगळुरूला असतो. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून त्याचा मला फोन नाही. गावात नेटवर्कच नाही तर तो बिचारा काय करणार? शनिवारी मी भालकीच्या बाजाराला जातो तेव्हा फोनला सगळ्या दांड्या येतात. तेव्हाही त्याचा फोन येत नाही. पण मी नेमका कधी बाजारात असतो, हे त्याला कसं कळावं?

त्याचा शेवटचा निरोप मी असाच बाजारात वाचला होता. "बाबा मी सुधारानीशी लग्न करनार आहे." मुलगी कलबुर्गीची, लिंगायत. दुसरा बाप असता तर थयथयाट केला असता. मी जातीचा ज सुद्धा काढला नाही. मी उत्तर पाठवलं: "ण. दोन ठिकाणी." दहावीपर्यंत बापाच्याच शाळेत शिकलेला मुलगा, आणि त्याला न-ण कळू नये? लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. सुकन्या, म्हणजे आमची सौभाग्यवती, जाऊन आली. मला दहावीच्या परीक्षेचं काम होतं.

६ नोव्हेंबर

दहावीला प्रकाशाचा धडा. खिडकी अर्धी लावून, काचेचा लोलक धरून भिंतीवर सात रंग पाडले. तीस वर्षं पाडतो आहे, अजून अंगावर काटा येतो. मागून आवाज आला, "सर, हे तर डबक्यात डिझेल सांडल्यावर बी दिसतंय." ते व्यतिकरण, हे अपस्करण, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सांगण्यात अर्धा तास गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग आकाश निळं का दिसतं ते घेतलं. हवेच्या कणांवर आपटून प्रकाश सगळीकडं उधळला जातो, त्याला विकिरण म्हणतात. निळ्याचं जास्त, तांबड्याचं कमी. मंगल, लिंगम्माची नात, उभी राहिली. "सर, विकिरण वाईट असतंय ना?"

मी म्हणालो, "विज्ञानात चांगलं-वाईट नसतं. लिहून घ्या, निळ्यात विकिरण जास्त." तिनं लिहून घेतलं, पण आपल्या निळ्या गणवेशाकडं बघत बसली. मुलींचं लक्ष कपड्यांतच.

एक सुखद गोष्ट. मुलं माझ्यामागं मला 'लहरी सर' म्हणतात, हे आज कानावर आलं. विद्युतचुंबकीय लहरींचा एवढा ठसा त्यांच्या मनावर उमटला असेल असं वाटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

सुकन्या रोज संध्याकाळी लिंगम्माच्या माळवदावर जाते. गावातली सर्वांत उंच गच्ची ती. विचारलं तर म्हणाली, "वाळवण घातलंय." या थंडीत वाळवण? शिवाय संध्याकाळी सूर्यकिरण तिरपे येतात, उष्णता कमी मिळते, हे मी तिला वहीत आकृती काढून समजावलं. तिनं आकृती नीट पाहिली आणि म्हणाली, "बरं." आणि गेली.

१२ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीचे अध्यक्ष सिद्धप्पा घरी आले. टॉवरचा पाया खणून झाला आहे, पण गावात कुजबुज सुरू आहे. कुणी म्हणतं चिमण्या मरतात, कुणी म्हणतं पपईला फळ धरत नाही.

"सर, तुमी दोन शब्द बोला. ऐतवारी मारुतीपुढं लोक जमा करतो," सिद्धप्पा म्हणाले. "निस्तं सांगा की काय होत न्हाई म्हणून. तुमचं ऐकत्यात लोकं."

मी म्हणालो, "निस्तं सांगणं ही अंधश्रद्धा. मी समजावून सांगेन."

"समजावू नका की सर," ते घाईनं म्हणाले. मग हसले. विनोदी माणूस आहे.

स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू चालले आहेत. घरभर तुपाचा वास. थंडीत माझे गुडघे धरतात ते तिनं ध्यानात ठेवलं, बरं वाटलं. पण एक उचलला तर म्हणाली, "अहो, ते मोजके केलेत, ठेवा." म्हणजे काय? गुडघे माझे नाहीत काय?

१६ नोव्हेंबर, रविवार

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तोही मारुतीच्याच पारावर.

गाव लोटलं होतं. पुढं बायका, मागं पुरुष, माझ्यापुढं माइक. तक्ता टांगून मी रेडिओ तरंगांपासून क्ष-किरणांपर्यंत सगळा पट उलगडला. टॉवरची लहर वीतभर लांब, प्रकाशाची इतकी आखूड की केसाच्या जाडीत शंभरावर मावतील. लहर जितकी लांब तितकी दुबळी. इथवर लोक माना डोलवत होते. इथंच थांबलो असतो तर, असं सिद्धप्पा नंतर म्हणाले. पण अर्धवट ज्ञान देणं माझ्या रक्तात नाही.

लिंगम्मा उठली. जागा तिची, त्यामुळं तिच्या शब्दाला वजन. "सर, टावरातनं विकिरण येतंय म्हणायलेत. खरं हाय का?"

शब्दाचा असा चुकीचा वापर मला सहन होत नाही. मी म्हणालो, "टॉवरातून विकिरण येत नाही. टॉवरातून येतं ते प्रारण. विकिरण वर आकाशात होतं."

सगळ्या गावानं वर पाहिलं.

"रोज होतंय?"

"रोज. दिवसभर. म्हणून तर आकाश निळं. निळ्यात विकिरण जास्त."

"अगं बाई. आन् घरात?"

"घरातला उजेड हेही प्रारणच. उलट कंदिलाच्या उजेडाच्या एकेका कणात टॉवरच्या लहरीपेक्षा लाखो पट ऊर्जा असते."

मला म्हणायचं होतं की, कंदिलानं काही होत नाही तर टॉवरनं काय होणार? पण हा निष्कर्ष श्रोत्यांनी स्वतः काढावा अशी माझी शिकवण्याची पद्धत आहे. त्यांनी स्वतः निराळाच काढला. माझ्या डोक्यावर बल्ब लोंबत होता. पुढच्या रांगेतल्या बायका त्याच्याकडं बघत बघत मागं सरकल्या.

मग घडलं ते मला अजून उमगलेलं नाही. बायकांतून सुकन्या उठली. तीस वर्षांत तिनं सभेत तोंड उघडलेलं नाही. पदर घट्ट धरून म्हणाली, "पोटुशी बाई असली, तान्हं लेकरू असलं, तर ह्या टॉवरानं काही होतं का? हो का नाही, एवढंच सांगा."

मी म्हणालो, "विज्ञानात असं हो-नाही नसतं. संभाव्यता असते. तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात..." व्यस्त प्रमाणाचं सूत्र खडूनं लिहून मागं वळलो तर ती निघून चालली होती. तिच्यामागं निम्म्या बायका.

या वयात तिला पोटुशी बायकांची काय काळजी पडली आहे, कळत नाही.

१७ नोव्हेंबर

शिक्षकांच्या खोलीत कन्नडचे संगमेश्वर सर मला बघून चहाचा कप तोंडाशी धरून बसले होते. हसू लपवायचं असलं की ते असं करतात. "सर, काल तुमी काय सांगितलं म्हायताय का?"

"काय?"

"कन्नडात विकिरण म्हंजे रेडिएशन. तुमी गावाला सांगितलं, वर आभाळात रोज रेडिएशन पडायलंय आन् निळ्यात लई जास्ती."

मी त्यांना शांतपणे सांगितलं की मराठीत विकिरण म्हणजे विखुरणं, आणि रेडिएशनला प्रारण म्हणतात. कॄ धातूवरून किरति, विकिरति. कन्नडनं शब्द संस्कृतातून उचलला आणि भलत्याच खुंटीला टांगला, हा माझा दोष नाही. माझं शिक्षण उदगीरला झालं. कन्नड मला भाजी घेण्यापुरतं येतं.

"चूक कुणाची ते जाऊ द्या की सर. ऐकणाऱ्याच्या कानात काय गेलं?"

"कान दुरुस्त करावेत," मी म्हणालो.

त्यांनी कप पुन्हा तोंडाशी नेला. तो रिकामा होता.

२० नोव्हेंबर

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. लिंगम्मानं काम बंद पाडलं. टॉवरच्या खड्ड्याभोवती बायका बसल्या आहेत, तुरीच्या शेंगा सोलत. कंपनीची माणसं लोखंड टाकून निघून गेली.

आणि निळ्याचं वेड. निळी लुगडी पेटीत गेली. पाण्याच्या निळ्या पिंपांवर पोती चढली. शाळेला गणवेश निळा-पांढरा, तर आज दहावीच्या मुली पिवळ्या, हिरव्या, मिळेल त्या कपड्यांत आल्या. मंगलनं वही उघडून दाखवली, "सर, तुमीच लिहून दिलंय." माझ्याच शब्दांत मला पकडलं. मुख्याध्यापक मला खोलीत बोलावून म्हणाले, "सर, निवृत्तीपर्यंत तेवढं गणित घ्या."

घरी सुकन्या कमी बोलते. जुनी मऊ पातळं फाडून, चौकोनी तुकडे करून शिवत बसते. चांगली पातळं! विचारलं तर म्हणाली, "पुसायला होतात." पुसायच्या फडक्याला कुणी चारी बाजूंनी नक्षीची टीप घालतं का?

२८ नोव्हेंबर

लेखी उपाय केला. पत्रक काढलं. "विकिरण हे प्रारण नव्हे. प्रकाश हे प्रारणच होय. अतः प्रारणास भिऊ नये." तीन वाक्यं, निर्दोष. गावभर वाटलं.

संध्याकाळी सिद्धप्पा पत्रक घेऊन आले. 'प्रारण' हा शब्द गावात कुणी ऐकलेला नाही. मारुतीच्या पारावर कुणीतरी मोठ्यानं वाचताना 'प्राण' वाचलं, दुसऱ्यानं त्याला 'मरण' करून दुरुस्त केलं. आता गाव म्हणतं, सरांनी छापून दिलं आहे की मरणाला भिऊ नका.

"सर, हात जोडतो," सिद्धप्पा म्हणाले, "आता आणिक कायबी समजावू नका."

मी मुद्रणदोष तपासला. एकही नाही.

७ डिसेंबर

आज सुकन्या माळवदावरून उतरली ती डोळे पुसतच. मी विचारलं, वाळवणातली मिरची झोंबली का? ती म्हणाली, "फेब्रुवारीत कुणी यायचं होतं. आता नको म्हणालेत."

"कोण?"

"पाहुणे."

"मग बरंच झालं. या असल्या वातावरणात पाहुणे कशाला?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दैनंदिनी लिहायचं निमित्त करून उठलो. खरं सांगायचं तर घरात मला भीती वाटायला लागली आहे. कशाची, ते सांगता येत नाही. तिनं भांडावं. भांडण मला समजतं.

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या

क्रमानं लिहितो.

वेळ अमावस्येला आमच्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळं गाव शेतात. लिंगम्माचं बोलावणं दरवर्षी असतं. यंदा येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. ज्वारीत कडब्याची कोप उभी केलेली, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, पूजा झालेली, आंबील शिंपडून झालेली. पंगत बसली. भाज्या, शेंगा, बेसन एकत्र शिजवलेल्या भज्जीचा वास असा की ब्रह्मदेवही पत्रावळ मांडून बसेल. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

लिंगम्मा वाढत आली. सिद्धप्पाला वाढलं, संगमेश्वरांना वाढलं. माझ्यापुढं आली आणि पळी वरच धरली. भज्जीतून वाफ निघत होती.

"सर, आदी सांगा, मंग वाढते. टावरानं पोटुशीला आन् तान्ह्या लेकराला काय होतंय का? व्हय का न्हाई?"

"लिंगम्मा, मी मागंच सांगितलं, तीव्रता ही अंतराच्या..."

"व्हय का न्हाई?"

पंगत थांबली. मी म्हणालो, "पण तुम्हाला एवढं काय पडलंय? तुमच्या घरात कुणी पोटुशी आहे का?"

"माझ्या न्हाई," ती म्हणाली, "तुमच्या. तुमच्या सुनेला नववा लागलाय. अक्का सहा म्हैने माझ्या माळवदावर उभं राहून लेकाशी बोलायलीय. बाळ झाल्यावर बारशाला हितं आणायचं का न्हाई, एवढंच विचारायलीय ती. तुमी पार आभाळापत्तर गेलात, घरात काय चाललंय बघितलं न्हाई."

मी सुकन्याकडं पाहिलं. ती पत्रावळीकडं बघत होती.

लाडू. पातळं. मी एका मागोमाग एक सगळं जोडत गेलो, आणि ते जोडायला मला काही वेळ लागला नाही, हेच जास्त लागलं.

माझ्या जिभेवर 'आजवरच्या मोजमापांवरून' आलं होतं. 'ठरवून दिलेल्या मर्यादेत' आलं होतं. दोन्ही खरं आहे. दोन्ही गिळलं.

"न्हाई," मी म्हणालो. "काही होत न्हाई."

"कुणालाच न्हाई?"

"न्हाई."

"आन् ते निळं?"

"विकिरण म्हणजे पांगणं. गुरं पांगतात तसा उजेड पांगतो. निळा जास्त पांगतो, म्हणून वर बघाल तिकडं निळं. त्यात कसलंही विष नाही."

पळी खाली आली. पंगतभर एक सुस्कारा गेला, मग हशा, मग भुरके सुरू झाले. "एवढंच व्हतं तर तवाच कामून सांगितलं न्हाई?" लिंगम्मा म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढलं. मी तिसऱ्यांदाही घेतलं. भज्जी फार तिखट होती. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला मी थांबलो नाही.

२० डिसेंबर

सुकन्याला विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

ती भाकरी थापत होती. "सांगितलं असतं तर 'गर्भवती'तला वेलांटी-रफार दाखवला असता तुम्ही."

"मी एवढा वाईट आहे?"

"वाईट नाहीत. त्यानं तुम्हाला लग्न करायलोय म्हणून सांगितलं. तुम्ही त्याच्या बायकोच्या नावात चूक काढलीत. पोरीचं नाव तेच आहे, सुधारानी. तिच्या बापानं ठेवलेलं. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, सगळीकडं न. ती तुमच्याबद्दल विचारत होती, मामांना मी चालणार नाही का? नावात खोट काढली, त्यावरनंच काय ते कळालं तिला." भाकरी तव्यावर टाकली. "ण, म्हणे. दोन ठिकाणी."

मला वाटत होतं, मी जातीचा ज सुद्धा काढला नाही.

२१ डिसेंबर

लिंगम्माच्या माळवदावर गेलो. जिना अरुंद आहे. वर एका कोपऱ्यात बसायचं पाट-पोतं, भिंतीला टेकून पाठीनं झिजलेली एक जागा. वाळवण कुठंही नाही. फोनला चार दांड्या आल्या. प्रणेशला लावला. पूर्ण वाजला. उचलला नाही. पुन्हा लावला. नेटवर्कचा दोष असेल असं लिहिणार होतो. चार दांड्या होत्या.

५ जानेवारी

टॉवरचं काम सुरू झालं. बायका आता तिथंच बसून कामगारांना चहा देतात. मुली पुन्हा निळ्यात आल्या. मुख्याध्यापकांनी विज्ञान परत दिलं. मी वर्गात म्हणालो, "परीक्षेत विकिरण लिहा, घरी पांगणं म्हणा." मंगल म्हणाली, "सर, आदीच असं सांगितलं असतं तर!" हे वाक्य सध्या गावात फार स्वस्त झालं आहे.

मग तिलाच विचारलं, मुलं मला लहरी का म्हणतात? ती लाजली. "सर, तुमचा मूड कवा कसा असंल सांगता येत न्हाई, म्हणून." तीस वर्षांचा ठसा. असो.

२२ जानेवारी

मुलगी झाली. लिंगम्माच्या माळवदावरून सुकन्या जिना न बघता उतरली, पडली असती. "दोघी बऱ्या आहेत!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या कोंबड्या उठल्या. लिंगम्मानं गूळ वाटला. मलाही दिला, आजोबा म्हणून. मला प्रणेशनं काही कळवलेलं नाही.

मी धोतर-शर्टाची पिशवी भरली. सुकन्या म्हणाली, "तुम्ही आता नको. तो म्हणाला नाही अजून." तिनं लाडवांचा डबा आणि दुपटी घेतली. मी तिला भालकीच्या स्टँडवर बेंगळुरूच्या गाडीत बसवून दिलं. गाडी निघताना ती खिडकीतून म्हणाली, "टॉवर चालू झाला की फोन जवळ ठेवा." मी हो म्हणालो. किती सोपा शब्द आहे.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी टॉवर सुरू झाला. गावभर घंट्या वाजताहेत. सिद्धप्पा पारावर उभे राहून दिसेल त्याला फोन लावताहेत, समोरच्यालासुद्धा. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्या फोनला सगळ्या दांड्या. इतकी वर्षं ज्याला दोष दिला तो आता माझ्या बाजूला नाही. फोन टेबलावर ठेवून मी समोर बसलो. लहर वीतभर लांब, सेकंदात बेंगळुरूला कित्येक वेळा जाऊन येईल. ती येते आहे, अंगावरून जाते आहे, आणि मला काहीही होत नाही. हे मीच सांगितलं होतं.

एकदा वाजला. झडप घालून उचलला. सिद्धप्पा. "सर, आवाज येतोय का?" मी म्हणालो, येतोय. बाहेरूनही येत होता.

दुपारी जेवून उठलो तर निरोप. प्रणेशचा.

"बाबा मुलगी झाली. आई आनि बाळ बरे आहेत."

अंगठा आपोआप गेला. ण उमटला सुद्धा. चौकटीत तो एकटाच उभा होता, मागच्या वेळी होता तसाच. मी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग पुसला.

लिहायला घेतलं तर शब्द सुचेना. अभिनंदन लिहिलं, पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला शुद्ध वाक्य नको होतं. शेवटी लिहिलं, आणि वाचून न बघता पाठवून दिलं:

"सुधारानीला आनि बाळाला घेऊन कधी येनार?"

दोन खुणा उमटल्या. करड्या. मी उठून पाणी प्यालो, परत येऊन बसलो. खुणा निळ्या झाल्या. मग खाली 'टंकत आहे' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. एवढा वेळ तो काय लिहीत होता, माहीत नाही. आलं ते इतकंच:

"ण. दोन ठिकाणी."

मी चष्मा पुसून माझा निरोप पुन्हा वाचला. एक 'आनि'. दुसरा 'येनार'. तिसरा न त्यानं मोजला नव्हता. तो बरोबरच होता.

तेवढ्यात फोन वाजला. आधी वाटलं, सिद्धप्पा.